ज्या संगीतावर परेड करता येत नाही

या ब्लॉगवर आजवर पोस्टिंगच्या गावांबद्दल लिहिले, तिथल्या बाजारांबद्दल, हवेबद्दल, माणसांबद्दल. आज आवडत्या अल्बमबद्दल लिहितो. वाचणाऱ्यांत निवृत्त फौजी बरेच आहेत आणि त्यांतल्या अनेकांना रॉक म्हणजे पोरांच्या खोलीतून येणारा गोंगाट वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी माझे म्हणणे असे, की लढाईहून परतलेल्या आणि न परतलेल्या माणसाबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे संगीत झाले, त्यातले सगळ्यात प्रामाणिक काम या 'गोंगाटवाल्यांनी' केले आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल म्हणतात ते हे.

आधी हा प्रकार काय ते थोडक्यात. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. त्यांनी गाणी लांबवली, एकमेकांत गुंफली आणि संपूर्ण अल्बम हीच एक रचना मानली. जेथ्रो टल या बँडचा १९७२ चा 'थिक अॅज अ ब्रिक' हा अल्बम म्हणजे रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणे आहे. मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. झाशीहून ग्वाल्हेर शंभर किलोमीटर. तिथली ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली आणि एकेक राग तासभर ऐकायची सवय आपल्याला लागली. तबल्यावर रूपकाच्या सात मात्रा आणि झपतालाच्या दहा मात्रा आपण लहानपणापासून ऐकतो. प्रोग्रेसिव्हवाल्यांना चार मात्रांच्या बाहेरचे हेच वेड असते.

या सात मात्रांची एक गंमत फौजी माणसाला लगेच कळेल. आपण मिनिटाला १२० पावले टाकतो, डावा-उजवा, डावा-उजवा. सम नेहमी डाव्या पायावर. आता पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मधल्या 'मनी' या गाण्यावर चालून बघा. त्याचा ठेका सातचा आहे. पहिल्या आवर्तनाची सम डाव्या पायावर येते, दुसऱ्याची उजव्या, तिसऱ्याची पुन्हा डाव्या. ड्रिल उस्ताद वेडा होईल. मधल्या गिटारच्या तुकड्यात गाणे चारच्या ठेक्यात शिरते तेव्हा पाय बिचारे सुटकेचा श्वास टाकतात. या संगीतावर परेड करता येत नाही. ते परेड संपल्यावर ऐकायचे असते, आणि माझ्या मते त्याचे सगळे मोल तिथेच आहे.

कारण जोशाचे संगीत आपल्याकडे भरपूर आहे आणि ते हवेच. रूट मार्चच्या शेवटच्या पाच किलोमीटरला जोशच माणसाला ओढून नेतो. पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला चौकाचौकांत जे भोंगे लागतात, त्यांतली बहुतेक गाणी जवानाला निरोप देऊन थांबतात. तो गेला, लढला, अमर झाला, पुढचे गाणे लावा. पुढे घरात काय झाले, जो सोबती जिवंत परतला त्याला रात्री झोप लागते का, याला त्या यादीत जागा नाही. मोठा अपवाद एक, आपल्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९६२ च्या युद्धानंतर बांधलेली 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चाल. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी ते गायले. ते गाणे सुरू झाले की आजही मेसमध्ये चमचे थांबतात. पण साठ वर्षे आपण त्या एकाच गाण्यावर सगळा भार टाकला आहे.

आता माझे अल्बम. पसंतीचा क्रम लावलेला नाही. ज्या कारणासाठी मला ते जवळचे वाटतात, त्या ओघाने सांगतो.

पहिला पिंक फ्लॉइडचाच, 'द फायनल कट', १९८३ चा. पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांनाही हा फारसा आवडत नाही. एका माणसाचे रडगाणे म्हणतात त्याला. तो माणूस रॉजर वॉटर्स. त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे रॉयल फ्युजिलियर्सच्या आठव्या बटालियनमध्ये सेकंड लेफ्टनंट होते. १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत आन्झिओच्या लढाईत ते पडले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. देह सापडला नाही. १९८२ मध्ये फॉकलंडचे युद्ध झाले आणि चाळिशीला टेकलेल्या त्या मुलाने विचारले, की माझा बाप ज्या जगासाठी मेला ते जग कुठे आहे? अल्बम वडिलांना अर्पण केला आहे. त्यात पुढाऱ्यांना नावे घेऊन शिव्या आहेत, त्या मला रुचत नाहीत. त्यामुळे अल्बम काही ठिकाणी पत्रक होऊन बसतो. पण 'द गनर्स ड्रीम' ऐका. विमानातून कोसळणारा एक गनर जमिनीवर पोचेपर्यंत कसल्या जगाचे स्वप्न बघतो, एवढाच विषय. 'पॅरानॉइड आइज' मध्ये एक माजी सैनिक आहे, तो लोकांत हसतो आणि आत काय चालले आहे ते डोळ्यांपर्यंत येऊ देत नाही. असे निवृत्त सुभेदार आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत.

हा अल्बम माझ्यासाठी परका राहिला नाही याला एक कारण आहे. इटलीत कसिनो येथे राष्ट्रकुलाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे हिरव्या संगमरवरावर इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांत एरिक वॉटर्स हे नाव आहे. त्याच स्मारकावर नाईक यशवंत घाडगे हेही नाव आहे.

यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते सेक्शन कमांडर होते. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचे सेक्शन जवळून चालणाऱ्या मशीनगनखाली सापडले. त्यांच्याशिवाय सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते कोसळले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले.

आन्झिओ आणि वरचे टायबर खोरे, फेब्रुवारी आणि जुलै, एकच देश, एकच वर्ष. केंब्रिजच्या एका घरात वडिलांविना वाढलेल्या पोराने पुढे 'द वॉल' (१९७९) केला, 'द फायनल कट' केला. २०१४ मध्ये, बापाच्या मृत्यूला ७० वर्षे झाल्यावर, तो आन्झिओजवळच्या आप्रिलियात जाऊन उभा राहिला. इटलीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या ब्रिटिश सैनिकाने, हॅरी शिंडलर त्यांचे नाव, जुने कागद धुंडाळून ती जागा शोधून दिली होती. कोकणातल्या घरांत त्या वर्षी ज्या तारा आल्या, त्यांच्यावर कोणी किती मिनिटांचे संगीत केले? हा प्रश्न मी वॉटर्सला विचारत नाही, आपल्याला विचारतो.

दुसरा अल्बमही वॉटर्सचाच, बँड सोडल्यानंतरचा 'अम्यूज्ड टू डेथ' (१९९२). टीव्हीवर दिसणाऱ्या युद्धाबद्दल तो आहे. आखाती युद्ध लोकांनी सोफ्यावर बसून बघितले, त्यानंतरच्या वर्षी तो आला. तो गाण्याने सुरू होत नाही. एका म्हाताऱ्याच्या बोलण्याने सुरू होतो. त्याचे नाव आल्फ रॅझेल, पहिल्या महायुद्धातला रॉयल फ्युजिलियर्सचा शिपाई. मेलेल्या सोबत्यांच्या खिशातून पे-बुक गोळा करण्याचे काम त्याने केले होते. दोन फळ्यांमधल्या मोकळ्या जमिनीत त्याला बिल हबार्ड हा त्याचा सोबती भयंकर जखमी अवस्थेत सापडला. त्याला उचलून नेता येईना. शेवटी त्याला तिथेच ठेवून परतावे लागले. मागे जेफ बेकची गिटार आहे आणि ती मध्ये मध्ये बोलत नाही, ऐकत राहते.

मग सत्तर मिनिटे अल्बम टीव्ही, देव, बाजार, बॉम्ब यांतून भरकटतो. कधी कधी फार लांबतो. आणि अगदी शेवटी म्हातारा परत येतो. अनेक वर्षांनी आरास येथील बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर त्याला बिल हबार्डचे नाव दिसले. त्या कोरलेल्या नावामुळे, रात्री छळणारी आठवण पुन्हा एक माणूस झाली, असे काहीसे तो सांगतो. ज्यांनी कोणाला मागे ठेवले आहे, त्यांना मी याहून अधिक समजावणार नाही. स्मारकावर नाव अचूक, पूर्ण आणि स्वच्छ का कोरायचे, याचे याहून चांगले कारण मी कुठल्या भाषणात ऐकलेले नाही.

तिसरा आणि चौथा 'कॅमल' या इंग्लिश बँडचे. 'द स्नो गूज' (१९७५) मध्ये शब्द नाहीत. पॉल गॅलिको या लेखकाच्या छोट्या कादंबरीवर तो बेतला आहे. खाडीकाठी एकटा राहणारा एक अपंग चित्रकार, जखमी हंसिणीला घेऊन त्याच्याकडे आलेली एक मुलगी, आणि मग १९४० चे डंकर्क. चित्रकार आपली लहानशी होडी घेऊन जातो, किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना फेऱ्या मारमारून काढतो, आणि स्वतः परत येत नाही. हंसीण तेवढी परत येते. बासरी, गिटार, कीबोर्ड आणि ऑर्केस्ट्रा यांनी हे सगळे सांगितले आहे. डंकर्कच्या किनाऱ्यावर आपली माणसेही होती, हे सिनेमे विसरतात. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कॉर्प्सच्या खेचर कंपन्या फ्रान्समध्ये होत्या. बहुतेक सुटल्या, एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली. म्हणून 'डंकर्क' हा तुकडा आला की मला त्या होडीत खेचरवालेही बसलेले दिसतात.

कॅमलचाच 'न्यूड' (१९८१) हा हिरू ओनोदा या जपानी अधिकाऱ्याच्या खऱ्या गोष्टीवर आहे. डिसेंबर १९४४ मध्ये त्याला फिलिपाइन्समधल्या लुबांग बेटावर पाठवले. युद्ध संपले हे त्याने मानले नाही. १९७४ पर्यंत तो जंगलात होता. शेवटी त्याच्या जुन्या वरिष्ठाला बेटावर नेऊन तोंडी हुकूम द्यावा लागला, तेव्हा त्याने रायफल खाली ठेवली. हुकूम पाळणे ज्यांच्या हाडात आहे, त्यांना ही गोष्ट एकाच वेळी अभिमानाची आणि भीतीची वाटते. अल्बमची धून हळवी आहे, घरी परतलेल्या माणसाला घर ओळखू न येण्याचा भाग तर फार सुरेख. पण माझी तक्रार नोंदवतो. ओनोदा आणि त्याच्या साथीदारांच्या गोळ्यांनी त्या तीस वर्षांत बेटावरचे गरीब लोक मेले. अल्बम त्यांना ओलांडून जातो. एकाच सैनिकाच्या एकटेपणात आपण इतके रमतो की त्याच्या समोरचा शेतकरी दिसेनासा होतो. संगीताला हा धोका नेहमीच असतो, जोशाच्या गाण्यांना आणि दुःखाच्या गाण्यांनाही.

पाचवा मेटलचा, आयर्न मेडनचा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (२००६). हे प्रोग्रेसिव्ह की नुसते मेटल, यावर पोरे तासन्‌तास भांडतात. सात-आठ मिनिटांची गाणी, हळू सुरुवात, मध्ये चाल बदलणे, सबंध अल्बममधून फिरणारा युद्ध हा विषय. मला एवढे पुरते. 'द लाँगेस्ट डे' हे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायदळाबद्दल आहे, 'ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स' अणुबॉम्बबद्दल. याच अल्बमच्या दौऱ्यात १७ मार्च २००७ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर त्यांचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. आगगाड्या भरून पोरे गेली होती.

एक मात्र सांगतो. मेटलचे ड्रम म्हणजे तोफखाना, असे लिहिणाऱ्यांनी कधी फायरिंग ऐकलेले नसते. बबिन्याच्या रेंजचा आवाज वाऱ्याबरोबर झाशीपर्यंत येतो तेव्हा कळते, की खऱ्या तोफेला ताल नसतो. पुढचा आवाज कधी येईल ते माहीत नसते, आणि माणसाला पोखरते ते हे माहीत नसणे. मेडनचा ड्रमर त्या आवाजाला ताल देतो. म्हणूनच ते ऐकून डोके शांत होते. ज्यांना हे उलटे वाटेल त्यांनी एखाद्या गनरला विचारावे.

आता कोणी विचारेल, झाशीत राहून इंग्रजांच्या दुःखाची गाणी काय ऐकतोस? प्रश्न रास्त आहे. झाशीच्या जुन्या परकोटाला दहा दरवाजे. त्यांतला एक खंडेराव गेट. बुंदेली मुलखात हे ठळक मराठी नाव. ऑटोवाले दिवसभर ते ओरडतात, आणि आपल्याला ते ऐकताच जेजुरी आठवते. नाव तेवढे पत्त्यात उरले आहे. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने या परकोटाला वेढा घातला आणि ३ एप्रिलला ती आत घुसली. तिचे कोणते अधिकारी कुठे पडले याच्या नोंदी व्यवस्थित झाल्या. शहरात घरोघर जे मारले गेले त्यांच्या नावांची यादी कोणी केली नाही.

त्यांच्यासाठी आपल्याकडे एक साक्षीदार आहे, आणि तो मराठी आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेत निघाले आणि नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले. लपून बसून जे पाहिले ते पुष्कळ वर्षांनी त्यांनी लिहून काढले. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आले. मी त्याला आपला आल्फ रॅझेल म्हणतो. वरसईही रायगडातच, यशवंत घाडग्यांचे माणगावही रायगडातच. एका जिल्ह्याने एक साक्षीदार दिला आणि एक बेपत्ता वीर. दोघांवर मिळून एक अल्बम होऊ नये?

मला परक्या दुःखाची गाणी ऐकायला लाज वाटत नाही, कारण कसिनोच्या दगडाने वॉटर्स आणि घाडगे वेगळे केलेले नाहीत. खंत आहे ती आपल्या बाजूचे तबक कोरे असल्याची. आणि साहित्य नाही असेही म्हणता येणार नाही. पोवाडा अर्धा-पाऊण तास सहज चालतो, त्यात गद्य येते, चाल बदलते, डफ आणि तुणतुणे येते. जात्यावरच्या ओव्या आहेत, बाईच्या बाजूने घर सांगणाऱ्या. गी पोइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. वाजवणारेही आहेत. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'ने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' हा मेटल अल्बम केला. मुंबईच्याच 'कोशिश'ने २०१३ मध्ये 'फिरदौस' हा हिंदीतला सलग प्रोग्रेसिव्ह अल्बम केला. पोरांची बोटे तयार आहेत. त्यांना कोणीतरी लष्कराच्या गोष्टी सांगायला हव्यात, जोशाच्या नव्हे, नंतरच्या. ते काम आपले, म्हणजे माझे आणि हे वाचणाऱ्या निवृत्त मंडळींचे. आपण गप्प बसायचे आणि पोरांनी भोंग्यावरचीच गाणी ऐकली म्हणून नाक मुरडायचे, हे बरोबर नाही.

म्हणून विनंती अशी. 'द स्नो गूज'पासून सुरुवात करा. इंग्रजीची अडचण नाही, कारण शब्दच नाहीत. सुमारे ४३ मिनिटे लागतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वहिनींना बरोबर बसवा, कारण वाट बघण्याचा अनुभव आपल्यापेक्षा त्यांना जास्त आहे. संपल्यावर घरात जे नातवंड गिटार वाजवत असेल त्याला बोलवा आणि ज्या सोबत्याचे नाव तुम्ही बरीच वर्षे घेतलेले नाही, त्याची गोष्ट त्याला सांगा. नाव, गाव, कंपनी, सगळे नीट सांगा. पुढचे तो बघेल.